नरसम्माची साक्ष

देगलूर, मंगळवार, संध्याकाळ

आज कोर्टात नरसम्माची उलटतपासणी घेतली. सत्तरीची विधवा, तेलुगू बोलणारी. माझा अशील म्हणतो, तिनं राहतं घर त्याला विकलंय. ती म्हणते, कागदात काय आहे ते न सांगताच अंगठा घेतला.

मी मराठीत विचारलं, "खरेदीखत तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना?"

ती म्हणाली, "हाव." म्हणजे हो.

तिला प्रश्न कळलाच नव्हता. मला ते तिथंच कळलं. माझी आई धर्माबादकडची, घरी आम्ही तेलुगूच बोलतो. तिचा वकील नवखा, त्यानं हरकतही घेतली नाही. आता त्या एका "हाव"वर मी केस जिंकणार. दुभाषा मागणं माझं काम नव्हतं, कायद्यानं मी कुठंच चुकलो नाही. मग हे लिहायला का बसलो?

बाहेर ती माझ्यापाशीच आली. मी विरुद्ध बाजूचा, हेही तिला उमगलं नसावं. तेलुगूत म्हणाली, "बाळा, तू विचारलंस त्या सगळ्याला मी हाव म्हणले. आता घर राहील ना मला?"

मी मराठीत म्हणालो, "तुमच्या वकिलाला विचारा," आणि गाडीत बसलो.