‘नाही’च्या रकान्यातली खूण

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, आणि ही बातमी क्रमाने सांगण्यासारखी आहे. उजव्या हाताची तर्जनी सुजली आहे. एखादा सांधा नव्हे, मुळापासून नखापर्यंत सगळं बोट. रोज सकाळी सातला कॅलिपर लावून मोजतो. एक नोव्हेंबरला १८.२ मिलिमीटर होतं, आज २१.६ आहे. डावी तर्जनी १७.९ वर स्थिर. तेव्हा हिला वाटतं तसे हे मनाचे खेळ नव्हेत. सकाळी साडेनऊपर्यंत मूठच वळत नाही. ज्या चिमट्याने दुरुस्तीला आलेल्या प्रयोगशाळेतल्या तराजूंची केसाएवढी तार उचलतो, तो चिमटा धरताना हात परक्याचा वाटतो.

घाबरू नकोस, आरोग्य विमा आहे. गेल्या वर्षीच घेतला. अर्ज एजंटाला भरू दिला नाही. चार पानं, त्रेसष्ट प्रश्न, शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः भरले. एक खाडाखोड नाही. असा अर्ज आपण पाहिला नव्हता, असं एजंटच म्हणाला. दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचा अर्ज आहे, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

कंपनीच्या यादीतल्या इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी अर्जातलेच प्रश्न पुन्हा विचारले, मीही अर्जातलीच उत्तरं दिली. मधुमेह नाही, दमा नाही, त्वचेचा विकार नाही. रक्तात युरिक अ‍ॅसिड किंचित जास्त निघालं, त्याच्या गोळ्या सुरू आहेत. चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे, नोंदीसाठी. महिन्याभरात बोट मूळ मापावर येईल असा अंदाज आहे.

शिवणाची घाई संपली की चार ओळी टाक. माया आहे तेवढीच ठेव, सूचना कमी केल्यास चालेल.

तुझा धाकटा

२१ जानेवारी

चि. दशांश यास,
अ. उ. आ.

बाबांनी ठेवलेलं नाव तू दिवसेंदिवस सार्थ करतो आहेस. बोटाचं माप कळलं. बोट दुखतं का, हे मात्र चार परिच्छेदांत कुठे सापडलं नाही.

‘त्वचेचा विकार नाही’ हे वाक्य मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. अरे, विशीत असल्यापासून तुझ्या दोन्ही कोपरांवर लाल चट्टे आहेत, वर पांढरे खवले. गेल्या खेपेला आलास तेव्हा तुझ्या उशीचा अभ्रा मी गच्चीवर झटकला, आणि जे उडालं त्याला कोंडा म्हणायला मी काही आंधळी नाही. तू म्हणतोस, बाकावर कोपरं टेकून घट्टे पडलेत. मग कानामागे काय रे? तिथेही बाक टेकवतोस?

आणि बाबांची बोटं आठव. शिंप्याचा हात, कात्रीने वाकला, असं आपण सगळे म्हणायचो. पण कात्री उजव्या हातात असते, आणि बाबांचं आधी वाकलं ते डाव्या हाताचं मधलं बोट. नखांवर बारीक टोचे होते, सुई ढकलायच्या टोपणावर असतात तसे. तीच कात्री मी चाळीस वर्षं चालवते आहे, माझी बोटं सरळ आहेत. मी तुझ्यासारखी पुस्तकं वाचलेली नाहीत, पण उजवं-डावं मला कळतं. बाबांना कुणी विचारलं नाही. तुला विचारलं, तर तू नाही म्हणालास.

डॉक्टरांना कोपर दाखव. बाही वर करायला शब्दकोश लागत नाही.

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद, आणि तुझ्या वाट्याचे थोडे तिलाच दे, ती बिचारी ऐकून घेते.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोपरांवर आहेत ते घट्टेच. कानामागे चष्म्याची काडी घासते. हा विषय माझ्यापुरता संपला.

बोट २२.३. त्यात डाव्या पायाचा अंगठा सामील झाला आहे, त्यामुळे जिना उतरताना कठड्याशी माझी दोस्ती झाली आहे. गोळ्यांचा उपयोग नाही. नेहमीच्या संधिवाताची रक्ततपासणी केली, त्यात काही आलं नाही. डॉक्टर आता वय आणि धंदा यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांना स्कॅन हवा आहे, पण नुसत्या स्कॅनला विमा नाही. एक दिवस भरती झालं तरच, आणि तेही कंपनीने आधी मंजुरी दिली तर. मंजुरीसाठी कंपनीने तिसऱ्यांदा खुलासा मागवला आहे. तिथे कुणी बाई माझा मूळ अर्ज आणि इस्पितळाचा प्रत्येक कागद शेजारी ठेवून ताडून पाहतात म्हणे. म्हणजे बघ, आज मी डॉक्टरांसमोर काही वेगळं बोललो, तर अर्जात एक आणि इस्पितळात दुसरं असं होईल, आणि फाईल तिथेच बंद. दोन पारडी सारखी ठेवणं हेच आयुष्यभर केलं आहे, ते याच वेळी सोडू का?

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. परवा औषधाच्या कारखान्यातला तराजू उघडला होता. दांडी ज्या खड्याच्या धारेवर तोलली जाते, तो खडा चिमट्यातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचा टवका उडाला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कारखान्याच्या साहेबांना मी लगेच सांगितलं. काल त्यांचा दुसरा तराजू न्यायला गेलो, तर त्यांनी तो कपाटातून काढलाच नाही.

सकाळी सदऱ्याची बटणं ही लावून देते.  रागावली असती तर बरं झालं असतं.

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा धाकटा

२६ मार्च

चि. दशांश यास,
अ. उ. आ.

पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही. त्याहून वाईट केलं आहे, ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते.

जानेवारीत तू डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पाठवली होतीस. वर इस्पितळाचा पत्ता होता. मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. कोपरं लिहिली, कानामागचं लिहिलं, बाबांचं डावं बोट आणि नखं लिहिली. माझं नाव, तुझ्याशी नातं, सगळं रीतसर. रुग्ण हट्टी आहे, त्याला विचारू नका, बघा, असंही लिहिलं. टपाल परवाच गेलं.

तुला चार दिवस राग येणार हे धरून चालले आहे. चार नाही, चाळीस दिवस येऊ दे. अर्ज तुझा आहे, पण बोट आपल्या बापाचं आहे. ते वाकताना मी एकदा बघितलं आहे, आणि तेव्हा मी लहान होते म्हणून गप्प बसले.

जेवत जा. कठडा सोडू नकोस. मला हवं ते बोल, पण बोलणं टाकू नकोस.

ताई

१४ मे

ती. ताईस,
न. वि. वि.

(‘शि. सा.’ आज गाळलं आहे. लक्षात यावं म्हणून कंसात लिहितो.)

एप्रिलच्या सहा तारखेला डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून तुझं पत्र काढलं, पण वाचून दाखवलं नाही. बाही वर करा म्हणाले. मनगटाचं बटण मला काढता येईना. खुर्चीवरून उठून त्यांनी ते स्वतः काढलं. ते क्षण मी कसे मोजावेत, मला कळलं नाही. कोपर पाहिलं, डोक्याचे केस बाजूला करून पाहिलं, मग माझी नखं खिडकीच्या उजेडात धरली. चार नखांवर टोचे होते. पाच मिनिटांत नाव सांगितलं, सोरायसिसचा संधिवात. चामडी आणि सांधे, दोन्हीकडे एकच दुखणं, आणि ते घराण्यात उतरतं. त्याची अशी स्वतंत्र रक्ततपासणी नसते, ते विचारून आणि बघून ओळखावं लागतं, असं ते म्हणाले. मी विचारलं होतं, एवढं बोलून त्यांनी एक्स-रेची चिठ्ठी लिहायला घेतली.

एक्स-रेमध्ये तर्जनीच्या टोकाच्या सांध्यातलं हाड पेन्सिलीला टोक काढावं तसं झिजलं आहे. तो सांधा आता परत येत नाही. जानेवारीत औषध सुरू झालं असतं तर बहुधा वाचला असता. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू केली आहे, दर महिन्याला रक्त तपासायचं. गोळीने भागलं नाही तर इंजेक्शनं. ती विम्याशिवाय आपल्या आवाक्यातली नाहीत.

आणि विमा गेला. इस्पितळाने तपासणीचा अहवाल पाठवला, त्याला तुझं पत्रही जोडलेलं होतं. कंपनीने पॉलिसी रद्द केली. रुग्णाने जुना विकार जाणूनबुजून दडवला, असं छापील अक्षरांत लिहिलं आहे. ‘विशीत असल्यापासून’ हे तुझे शब्द त्यांनी अवतरण चिन्हात घातले आहेत.

महिनाभर तुझ्यावर राग धरून बसलो होतो. आता खरी गोष्ट लिहितो, कारण ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. अर्ज भरताना मी ते घट्टेच समजत होतो. शपथेवर सांगतो. पण तुझं जानेवारीचं पत्र आल्यावर मी वाचनालयात गेलो, दोन रविवार बसून वैद्यकाचा जाड ग्रंथ वाचला. पान ६१२ वर माझं कोपर होतं. चित्रातलं, पण माझंच. त्यानंतर मी तुला घट्टे आणि चष्म्याची काडी लिहिलं. त्यानंतर दोनदा डॉक्टरांसमोर बसलो आणि दोन्ही वेळा नाही म्हणालो. अर्ज खोटा ठरू नये म्हणून. खाडाखोड नसलेला अर्ज.



धाकटा

३० मे

चि. यास,
अ. उ. आ.

तुझ्या पाठीमागे पत्र लिहिलं याची माफी मागते. लिहिलं याची मागत नाही.

माझ्याकडे काळे डगले शिवून घेणाऱ्या वकीलबाई आहेत. नाव न सांगता त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करता येतो. कुठल्याही डॉक्टराने त्या चट्ट्यांना कधी नाव दिलं नव्हतं, औषध दिलं नव्हतं, ही तुझी बाजू. माणसाला जे माहीतच नाही ते तो दडवेल कसं? पण हे तुलाच, तुझ्या सहीने, स्वच्छ लिहावं लागेल. मला माहीत नव्हतं, असं.

मला ठाऊक आहे, हे वाक्य तू जन्मात लिहिलेलं नाहीस. शाळेत पेपर कोरा ठेवलास, पण येत नाही म्हणाला नाहीस. म्हणून मसुदा मीच केला आहे, सोबत आहे. पाच ओळी. नुसती सही कर. वाचनालयाचा विषय त्यात नाही आणि तू घालूही नकोस. तो कंपनीने विचारलेला नाही. वकीलबाईंनी हे दोनदा बजावलं, आणि मी तिसऱ्यांदा बजावते.

एवढं एक माझं ऐक. इंजेक्शनं लागली तर मी कापड विकून आणायची का?

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई

११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा मसुदा परत पाठवतो आहे. अक्षर सुरेख आहे, शुद्धलेखनाच्या चुका दोनच.

तक्रार कक्षाचं पत्र मी स्वतः लिहिलं. पहिलं वाक्य असं : अर्ज भरताना त्वचेवरच्या चट्ट्यांना विकार म्हणतात हे मला माहीत नव्हतं. हे लिहायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ‘माहीत नव्हतं’च्या जागी ‘निदान झालेलं नव्हतं’ असं लिहिलं. ही भाजी निवडत होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे डॉक्टरचं वाक्य आहे, तुमचं कुठे आहे? दुसऱ्या दिवशी काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं.

दुसरं वाक्य तुझ्या आणि वकीलबाईंच्या मनाविरुद्ध आहे. फेब्रुवारीत मला कळलं, आणि त्यानंतर डॉक्टरांनी दोनदा विचारूनही मी सांगितलं नाही. ते मी घातलं आहे. तू म्हणशील, न विचारलेलं सांगणारा शहाणा. पण ताई, माहीत नव्हतं हे खरं आहे, ते कुठपर्यंत खरं आहे हेही लिहायला नको का? पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवा असं सांगायचं, तर दुसरं गाळून कसं सांगू? कंपनीतल्या त्या बाई कागद शेजारी ठेवून ताडतात. ताडू देत.

पत्र घेऊन आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, हे पाठवणार आहात का? हो म्हणालो. कंपनी हेच वाक्य तुमच्याविरुद्ध वापरेल, असं त्यांनी सांगितलं. मीही तेच धरून चाललो आहे म्हणालो. मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर एक ओळ लिहून दिली, की या आजाराचं पहिलं निदान एप्रिलमध्ये झालं. ती जोडली आणि रजिस्टर टपालाने पाठवलं.

आता बोटाचं. गोळी लागू पडते आहे. सूज १९.१ वर आली, अंगठ्याची जवळजवळ गेली. टोकाचा सांधा मात्र सतरा अंशांत वाकलेला राहिला, तो तसाच राहणार. चिमटा मी आता अंगठा आणि मधल्या बोटात धरतो. एका शाळेचा साधा तराजू दुरुस्त केला, जिथे दीड तास लागायचा तिथे सव्वाचार लागले. बारीक काम परत जमेल का, सांगता येत नाही. कारखान्याकडून बोलावणं नाही.

आणि हो, दुखतं. जानेवारीत विचारलं होतंस, तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. पहाटे उठताना सगळ्यात जास्त.

कंपनीचं उत्तर यायला पंचेचाळीस दिवस लागतात. काय येईल, गोळी पुरेल की इंजेक्शनांची वेळ येईल, आली तर कुठून आणायची, हे सगळं ही रोज विचारते. मी तिला सांगतो, मला माहीत नाही. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिने हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघितलं. आता सवय झाली आहे, दोघांनाही.

थोरलेपणाचा हक्क जसा आजवर गाजवलास तसा पुढेही गाजवत जा.

तुझा धाकटा