उशाखालचा नीलम

दादर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दुर्गाआत्यास,

साष्टांग नमस्कार. भांडणाच्या पत्रातही नमस्कार आधी लिहायचा, हे तूच शिकवलंस, म्हणून लिहिला. इथे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला थांबला. मी मात्र कालपासून कुणाशी धड बोललेली नाही, कारण तोंड उघडलं की ओरडतेच. फोन आता मुद्दामच करत नाही. तू रडायला लागतेस आणि मला माझं बोलणं गिळावं लागतं.

काल संध्याकाळी साखरपुड्याची अंगठी बघायला सराफाकडे गेले. त्याने डबी उघडली, तर आत पिवळा पुष्कराज! म्हटलं, ही माझी नव्हे. तो म्हणाला, "तुमच्या आत्याबाई नीलम परत देऊन गेल्या. मानवला नाही म्हणाल्या. बोलल्या नाहीत का तुम्हाला?"

मला कोण सांगणार! मी नुसती नवरी.

तो नीलम स्वरूपने आणि मी मिळून निवडला होता, आत्या. एकेक खडा दुकानाच्या दारात उजेडाला धरून बघितला. माणिक मला भडक वाटलं, हिरा त्याला आवडेना. हा नीलम हातात आला आणि आमची वादावादी तिथेच संपली. "नीलम सगळ्यांना मानवत नाही, तीन रात्री उशाखाली ठेवून परीक्षा बघायची असते," असं तू म्हणालीस तेव्हा मी हुज्जत घातली नाही. आत्याचं समाधान होऊ दे, म्हटलं. "देवापुढे ठेवून आणते, मग तुझ्या उशाखाली ठेव," म्हणून फडक्यात बांधून घेऊन गेलीस. माझ्या उशाखाली तो आलाच नाही.

दुकानातून तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. तेवढ्यात स्वरूपचा आला. "आई बोलवतेय. आत्ताच ये."

माहीमला त्यांच्या घरी पोचले, तर सखुबाई बाजारातून आल्या होत्या तशाच, मासळीची पाटी बाजूला ठेवून उंबऱ्यात बसलेल्या. मला आत ये म्हणाल्या नाहीत.

"तुजी आत्या पुडी घेऊन आयली. मना सांगते, शकुनाचा हाय, पोराचे उशाखाली ठेव. मी त्याला हलद-कुंकू लावला, न मग ठेवला. तिसरे दिवशी येऊन इचारते, काय झाला का? पोराचे बोटाला टाके पडले सांगितला, तर पुडी उचलून पललीच! आता शेजारीण सांगते, ती परीक्षा व्हती. माजा पोर मरतो का जगतो, ते बघत व्हत्या तुमी?"

जाळं ओढताना दोरीत त्याचं बोट अडकलं, दोन टाके पडले. कोळ्याच्या हाताला टाके पडणं म्हणजे आपल्या बाबांना शिंक येणं. शेजारीण आतून ऐकू येईल असं म्हणाली, "यांना जेवायला पापलेट पायजे, जावई कोली नको." आपण पाठारे प्रभू, ताटात मासळी नसली की तोंड वाकडं करणारे. मी मान खाली घालून उभी राहिले. मी, आत्या! तुझ्या कर्तबगारीपायी.

सखुबाईंनी शेवटचं सांगितलं ते ऐक. तू त्यांच्यासमोर येऊन बोललीस तरच रविवारी साखरपुडा. नाहीतर मुलगा देणार नाहीत. स्वरूप म्हणाला, "आई, जाऊ दे ना." त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी बाबांना धारेवर धरलं. अंगठी घालणार मी, मग खडा त्याच्या उशाखाली कशासाठी? पत्रिका मानणारी माणसंसुद्धा असला उफराटा प्रकार करत नाहीत. बाबा म्हणाले, "दुर्गाच्याही अंगठीत नीलमच होता."

देवदत्तकाका तुमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेले, एवढंच मला माहीत होतं. तेराव्याला तुझ्या सासूने चारचौघांत तुझ्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि 'हिनेच खाल्ला माझा मुलगा' म्हणाली, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरचे सगळे तिथे बसलेले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. बाबांनीही नाही! या पत्रात तुझ्यावर ओरडतेय त्याहून जास्त मी काल त्यांच्यावर ओरडले. खोकला परत आला तर माझ्यामुळे.

म्हणजे तू जात बघत नव्हतीस. अंगठी बायकोच्या बोटात आणि संकट नवऱ्यावर, हे तुझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून तू स्वरूपचं उसं गाठलंस. हे कळल्यावर माझा राग जायला हवा होता. उलट वाढला. अगं, गिरगावातल्या निम्म्या पोरांना तू शाळेत हृदय आणि रक्ताभिसरण शिकवलंस. काकांचं हृदय बंद पडलं ते खड्याने? त्या बाईचं बोलणं तू खरं मानलंस आणि इतकी वर्षं एकटी घेऊन बसलीस? मला का नाही सांगितलंस?

पुष्कराज मी परत केला. तोच नीलम बसवायला सांगितला आहे. परीक्षा आता होणार नाही, माझी नाही आणि त्याची तर नाहीच.

शनिवारी सकाळी मी गिरगावात येते, दोघी मिळून माहीमला जाऊ. सखुबाईंना मी तुझं काही सांगितलेलं नाही, ते तूच सांगायचंस. लाज वाटली तर वाटू दे. नाही आलीस तर माझं लग्न मोडेल, आणि ते मात्र तुझ्यामुळे मोडेल. खड्यावर ढकलू देणार नाही.

स्वरूप आज पुन्हा होडीवर गेला आहे. भीती मलाही वाटते. पण उद्या त्याला काही झालंच, तरी ते माझ्या बोटातल्या अंगठीमुळे नसेल. देवदत्तकाका तुझ्यामुळे गेले नाहीत, आत्या. हे तेराव्याला कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय.

अजून रागातच असलेली,
तुझी
ऋग्वेदा