समय्याभाऊंची काठी

१८ जुलै, शुक्रवार
पाण्याच्या टाकीची सातवी पायरी. गावात मोबाईलला रेंज फक्त इथेच. आठवीवर चढलो तर फोन पलीकडच्या तेलंगणाचं नेटवर्क पकडतो आणि बाई तेलुगूत बोलायला लागते. आज चार ठिकाणी बायोडेटा पाठवला, दोन अडकले. उतरताना इथले नावाडी समय्याभाऊ खालून म्हणाले, "हापिस सुटलं का?" हसलो. हसायला यायचं काही कारण नव्हतं.

मे महिन्यात आलो तेव्हा वाळूतून थेट मोटारसायकल घालून आलो होतो. आता चारी बाजूंनी पाणी, गाडी पलीकडे एका दुकानाच्या पडवीत. सविताची इथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून नेमणूक आहे. लग्नानंतर दहा महिने ती सिरोंच्याकडे, मी कोरपन्याला सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन. महिन्यातून एकदा भेट. शेवटी मीच सोडून आलो. शहाणपणा केला की गाढवपणा, ते अजून ठरत नाही.

२१ जुलै, सोमवार
स. सकाळीच गृहभेटींना. मी भात, वरण, भांडी. राजक्का शेजारून वाकून बघते आणि तेलुगूत काहीतरी म्हणते. स.ला विचारलं तर म्हणाली, "म्हणते, तुझा नवरा भांडी चकचकीत घासतो." बरं.

२३ जुलै, बुधवार
फोन आला. सिरोंच्यातलं खाजगी वायरमन प्रशिक्षण केंद्र, शिकवायला निदेशक पाहिजे. मुलाखत सोमवार ४ ऑगस्ट, सकाळी अकरा. प्राचार्य सरांनी स्वतः विचारलं, "तुम्ही बेटावर राहता. पावसाळ्यात रोज येणं होईल?"
म्हटलं, "एकही दिवस चुकणार नाही सर."
पायऱ्या दोन-दोन करत उतरलो. स.ला सांगायला उपकेंद्रात गेलो तर ती एका बाळाला इंजेक्शन देत होती. बाळ रडलं, मी हसलो, बाळाची आई माझ्याकडे बघतच राहिली.

२५ जुलै, शुक्रवार
आई-बाबा येतायत. बाबांचं एकच वाक्य, "पाहून तर घेऊ तू कुठी राहून राह्यला." घर झाडलं. उद्या बाजेची सुतळी ताणायची.

२८ जुलै, सोमवार
आले. बाबा डोंग्याच्या मधोमध बसले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. आयुष्य कापसात गेलं, पाणी बघायचं ते विहिरीतलं. आई डोळे मिटून, मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा. तिकडे भातच खातात म्हणून आणलं म्हणे. समय्याभाऊ पन्नास वर्षं डोंगा चालवतात, पण आईनं त्यांना तीनदा सांगितलं, "भाऊ, जरा हळू."
उतरल्यावर बाबांनी मूठभर माती उचलली, चुरली, टाकून दिली. "ही माती काई धरून ठेवत नाई."

३० जुलै, बुधवार
आज बाबांनी मला भाकरी थापताना पाहिलं. स. ड्युटीवर, आई राजक्काकडे. भाकरी नकाशासारखी झाली होती. बाबा उंबऱ्यात उभे. भाकरीकडे पाहिलं आणि मागे वळले. बोलले असते तर उलट बोलता आलं असतं.
जेवताना म्हणाले, "ठेकेदार भेटला होता. तुही जागा ठेवली आहे त्यानं. पंधरा ऑगस्टपावेतो सांग म्हणते."
मी मुलाखतीचं सांगितलं.
"आणि नाई झालं तं?"
"बघू."
"पाहून पाहून दोन महिने झाले ना बाबू. गावात लोक इचारतात, पोरगा काय करते. मी काय सांगू, भाकरी करते?"
आई म्हणाली, "सांगा ना मंग. चांगलीच करते."
मी ताटातून वर पाहिलं नाही. ठेकेदाराकडे परत गेलो तर पुन्हा तेच, स. इथे, मी तिथे. हे बाबांना कळत नाही असं नाही. त्यांना बेकार पोरगा जास्त टोचतो.

१ ऑगस्ट, शुक्रवार
दोन दिवस पावसाची झड. बाबा कंटाळले. त्यांना घाटावर नेलं. समय्याभाऊ संध्याकाळची काठी रोवत होते. इथला नियम सरळ आहे. अंधार पडायच्या आत पाण्याच्या कडेला बांबू रोवायचा, टोकाला लाल चिंधी. सकाळी चिंधी दिसली तर डोंगा निघतो. नाही दिसली तर पाणी चढलं, डोंगा बंद. हे मी बाबांना सांगायला हवं होतं. पण तेव्हाच सातव्या पायरीची आठवण झाली, सरांचा निरोप आलाय का बघायला पळालो. बाबा आणि समय्याभाऊ एकमेकांचं अर्धं समजून घेत विड्या ओढत बसले.

३ ऑगस्ट, रविवार
शर्टला इस्त्री. वीज नाही, तांब्यात निखारे घालून केली. कॉलरवर एक डाग, बटण लावलं की झाकतो. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत.
संध्याकाळी बाबा एकटे नदीकडे फिरून आले. आल्यावर स.च्या दोडक्याचा वेल सरळ करून बांधला. आठ दिवसांपासून बिचारा जमिनीवर लोळत होता. या घरात बाबांनी पहिल्यांदा कशाला तरी हात लावला. स. खूश. मला पण बरं वाटलं.

४ ऑगस्ट, सोमवार
गेलो नाही. जाताच आलं नाही.
साडेसातला घाटावर. काठी नाही. समय्याभाऊ वर दगडावर बसलेले, डोंगा खुंट्याला. मी म्हटलं, पाणी तर कालच्याएवढंच दिसतंय. म्हणाले, "पाण्याले डोळ्यानं मोजत नाई बाबू. काठी नाई दिसली. झालं." हात जोडले. वेळ सांगितली, काम सांगितलं. ते म्हणाले, "माह्या भावानं नाई ऐकलं होतं." आणि खुंट्याचा दोर आणखी आवळला.
पलीकडून स.चा लसींचा डबा यायचा होता, तोही राहिला. सात बाया लेकरं घेऊन येऊन परत गेल्या.
अकरा वाजता मी टाकीवर होतो, इस्त्रीच्या शर्टात. सरांना फोन केला. म्हणाले, "म्हणजे पहिल्याच दिवशी." त्यांचा आवाज वाईट नव्हता. तेच जास्त लागलं.

४ ऑगस्ट, संध्याकाळ
बादली ठेवायला मागे गेलो. दोडक्याचा वेल एका छान सरळ बांबूवर चढवलेला. आणि लाल चिंधीनं बांधलेला.
तिथेच बसलो.

५ ऑगस्ट, मंगळवार
बाबांना सांगितलं नाही. स.ला सांगितलं. ती आधी हसली, मग तिला लसींचा डबा आठवला. म्हणाली, "त्यांना काय माहीत. वाहून जाईल म्हणून उचलली असेल." मला ते कळतं. तरी दिवसभर एक घाणेरडा विचार डोक्यातून जाईना. माहीत असूनच उचलली तर? मी कोरपन्याला परत यावं म्हणून? बाबा, माझे बाबा, जे दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरचा दगड हलवत नाहीत. लाज वाटली. विचार गेला नाही.
आईनं आज राजक्काला भाकरी शिकवली. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि बरोबर उत्तरं देतात.

६ ऑगस्ट, बुधवार
दुपारी बाबा घाटावर समय्याभाऊंजवळ बसले होते. भाऊ नवी काठी तासत होते, बाबांनी विचारलं कशाला. मग भाऊंनी सगळं सांगितलं. काठीचं, आणि धाकट्या भावाचं. काठी बुडालेली असताना त्यानं डोंगा सोडला, पलीकडे पोचला नाही.
बाबा घरी आले ते सरळ मागे गेले. बराच वेळ वेलापाशी उभे. मी दारातून पाहत होतो. वळले तर चेहरा असा की आई गेली त्यांच्याजवळ.
मला म्हणाले, "तुले माईत होतं?"
"हो."
"मंग काऊन नाई बोलला?"
 कालचा विचार त्यांना कधीच सांगणार नाही. इथे लिहिला तेवढा पुरे.
संध्याकाळी स्वतः समय्याभाऊंकडे गेले. मी मागे. म्हणाले, "भाऊ, तुमची काठी मी नेली. वाहून जाईल म्हणून काढली. पूर्ण गावाचा दिवस माह्यामुळं गेला."
समय्याभाऊंनी विचारलं, "वेल चढली का बरी?"
"चढली."
"राहू द्या मंग. ही नवी आहे ना."
बाबांनी नवी काठी मागून घेतली आणि स्वतः रोवली. तीन वेळा हलवून पाहिली.

७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी सहाला बाबा पांढरा शर्ट, टोपी घालून तयार. "चाल." चिंधी दिसत होती. या वेळी डोंग्यात त्यांनी काठ धरला नाही, म्हणजे एकाच हातानं धरला.
केंद्रात सर व्हरांड्यातच भेटले. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. "साहेब, सोमवारी याले नदीनं नाई अडवलं. मी अडवलं." आणि सगळं सांगितलं, दोडक्यासकट. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. कोरपन्याच्या बाजारात कापसाच्या भावासाठीसुद्धा दोनदा न बोलणारा माणूस माझ्यासाठी हात जोडून बोलत होता. 
सर हसले नाहीत. आत बोलावलं, मोटरचं वाइंडिंग, अर्थिंग, बोर्डावर एक सर्किट काढायला लावलं. आलं सगळं. मग पुन्हा तेच, "म्हणजे आता पावसाळ्यात एकही दिवस चुकणार नाही?"
होच म्हणणार होतो. समय्याभाऊंचा भाऊ आठवला.
"चुकतील सर. काठी बुडाली त्या दिवशी येणार नाही. बाकी सगळे दिवस येईन. बुडलेले दिवस रविवारी भरून काढीन."
सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. उलटं वाचता येत नव्हतं. "कळवतो."
परत येताना बाबा म्हणाले, "चुकतील असं काऊन सांगतलं?"
"चुकतील म्हणून."
 थोड्या वेळानं त्यांनी पाण्यात बोटं घातली, तशीच ठेवली.

९ ऑगस्ट, शनिवार
गेले दोघं. राजक्का घाटावर येऊन रडली, आईनंही साथ दिली. बारा दिवसांत एवढं. आईनं ज्वारीचं उरलेलं पीठ तिलाच दिलं, मला नाही. बाबा स.ला म्हणाले, "वेलीवर ध्यान ठेव बाई." मला म्हणाले, "शर्टाची कालर बदलून घे." डाग दिसला होता तर.
घर मोठं वाटतंय. दोन खोल्यांचं घर मोठं वाटावं म्हणजे कमाल आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सरांचा फोन नाही. टाकीवर सकाळ-संध्याकाळ. काल रात्री पाणी चढलं, चिंधी गेली, डोंगा बंद. निवड झाली असती तर आज पहिली गैरहजेरी लागली असती. खरं बोलून चूक केली का, स.ला विचारलं. ती म्हणाली, "मी त्या काठीच्या भरवशावर लसी आणते. मला तरी तू खोटं बोललेलं नको होतं." बरं वाटलं. नोकरी मात्र त्यानं लागत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
पाणी उतरलं. पहिला दोडका निघाला, वीतभर. स.नं काठीसकट त्याचा फोटो काढला, मी टाकीवर जाऊन बाबांना पाठवला. लगेच फोन.
"ठेकेदार दारात उभा आहे. उद्याची मुदत. काय सांगू त्याले?"
 म्हटलं, सरांचं अजून काही नाही. खाली घाट दिसत होता.
त्यांनी विचारलं, "काठी दिसून राह्यली का आज?"
"दिसतेय."
"नीट पाह्य."
"चिंधी दिसतेय बाबा."
 मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला, ठेकेदाराला म्हणाले, "त्याचं अजून ठरलं नाई. तुम्ही दुसरा माणूस पाहा."