मापाचे वाफे

३ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. इकडे तुझी दोन्ही लेकरं खुशाल आहेत. ठकीचा पुढचा दात पडला, धाकट्या बटणाचं नाक वाहतंय आणि माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरताहेत. फोन उशाशी असताना म्हातारा पत्र लिहीत का बसला, असं तू म्हणशील. सांगतो, पण आधी बागेचं ऐक.

मागच्या दारी, कपड्यांच्या दोरीखाली जागा रिकामी पडली आहे ना, तिथे भाजी लावायचं ठरलं आहे. तिकडे तुमचं घर लागलं, म्हणून पुढच्या महिन्यात तू मुलांना कायमचं न्यायला येणार, आणि तोवर त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस. म्हटलं, पोरं कशात तरी गुंतलेली बरी.

मी पडलो शिंपी. मला बाग काय आणि कापड काय, सारखंच. दुकानातला खाकी कागद अंथरला, टेप घेतली, खडू घेतला आणि म्हटलं, "बोला गिऱ्हाईक, कोणाला कोणत्या मापाचा वाफा?" बटण ताबडतोब कागदावर उताणा झोपला. "माझ्या मापाचा!" मग काय, त्याच्याभोवतीच खडू फिरवला. त्याच्या वाफ्याला दोन हात, दोन पाय आणि एक डोकं आहे. डोक्यात गाजरं लावायची होती, म्हणजे ससा येईल म्हणे. ठकीने मात्र सगळं अंगण टेपने मोजलं आणि मला सुनावलं, "आजोबा, मधे मार्जिन सोड. नाहीतर आपण चालणार कुठून?" हे कळायला माझी उमेदवारीची दोन वर्षं गेली होती, आणि ही सात वर्षांची चिमुरडी!

काल बियाणेवाल्याकडे गेलो. बटण चित्रं बघून पाकिटं उचलत होता आणि ठकी एकेक पाकीट काढून घेऊन विचारत होती, "काका, हे किती दिवसांत येतं?" मुळा चालला. पालक चालला, कोथिंबीर चालली. टोमॅटो परत, वांगी परत. गाजरंही परत गेली तेव्हा बटणाने तिथेच भोकाड पसरलं. ठकी त्याला म्हणाली, "अरे वेड्या, मुळा म्हणजे पांढरं गाजरच. सशाला चालतं." तो गप्प बसला, यावरून त्याची अक्कल कोणावर गेली आहे ते जावईबापूंना विचार.

मी भोपळ्याचं बी पुढे केलं. म्हटलं, वेल दोरीवर चढवू. "नको." बरं, लिंबाचं रोप? तीन वर्षांनी लिंबं धरतील. "नकोच." बियाणेवाला हसायला लागला. "काय हो आजोबा, नातीला घाई आणि तुम्ही निवांत!" मीही हसलो. उतावीळ आहे, आईवर गेली आहे, असं मनात म्हटलं. राग मानू नकोस.

दुपारी बटण झोपल्यावर तिला विचारलं, "ठके, भोपळ्याने तुझं काय घोडं मारलंय गं?"

ती कागदावर पाकिटं मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्ही गेल्यावर पाणी कोण घालणार? तुला वाकता येत नाही. आम्ही जायच्या आत सगळं काढून व्हायला पाहिजे."



तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. मला ऐकू कमी येतं म्हणून मी फोन स्पीकरवर लावतो, आणि गुपित बोलायचं म्हणून दार लावून घेतो! अकलेचा कांदा दुसरा कुठला शोधायला नको. त्या दिवशी तू जे बोललीस ते तिला पाठ आहे. "आधी सांगू नका बाबा, मला रडारड नकोय," हेसुद्धा. म्हणून ती रडलेली नाही. भावाला बोलली नाही आणि मला कळू दिलं नाही. एवढीशी पोर मनात सगळं ठेवून माझ्या गुडघ्यांचा हिशेब करत होती.

आणि मी काय करत होतो? मला भोपळा कुठे आवडतो? तोंडसुद्धा लावत नाही मी. मुलांनी सावकाश वाढणारं काहीतरी लावावं, त्यात त्यांचा जीव अडकावा, आणि तूच म्हणावंस, राहू देत बाबा अजून थोडे दिवस, असा माझा कावा होता. मला ती जायला नको आहेत. फोनवर मी "ने बाई ने, सुटलो एकदाचा" म्हणालो, ते खोटं होतं. दीड वर्ष सकाळी एकीची वेणी घालून आणि एकाची बटणं लावून मगच मशीनवर बसतोय. उद्या नुसतं मशीनवर कसं बसायचं, ते मला माहीत नाही.

पण तू ये. लेकरं तुझी आहेत, आणि इतके दिवस त्यांनी तुझी वाट पाहिली आहे. ठकीला मी समोर बसवून विचारलं. म्हणाली, "मला आईकडे जायचंच आहे." मग खडू बोटांवर घासू लागली. घासता घासता म्हणाली, "आजोबा, आईला एक विचारशील? मी येणार आहे. पण येताना मला रडू येईल. आलं तर चालेल का?"

मी म्हटलं, विचारतो.

उत्तर मला लिहू नकोस. तिच्या नावाने लिही, मोठ्या अक्षरांत. आता तिला जोडाक्षरंसुद्धा वाचता येतात.

तुझे,
बाबा