मागचं डावं दार

७ डिसेंबर, रविवार

दार उघडलं! चालत्या गाडीत!

इतवाऱ्यातून घरी येत होतो, मी चालवत होते, सासूबाई एकट्या मागे. राजपुऱ्याच्या वळणावर गाडी हळू केली होती म्हणून निभावलं. मागून "अवं माय वं!" ऐकू आलं. आरशात बघते तर मागचं डावं दार सताड उघडं आणि सासूबाई दोन्ही हातांनी माझी सीट धरून बसलेल्या! ब्रेक मारला. खरचटलंसुद्धा नाही त्यांना.

घरी योगेंद्रनी हात पुढे केला – किल्ली दे. "दरवाजा चेक नहीं किया तूने?" रागावले की नवरोबा हिंदीत बोलतात. मी दार लावलं होतं. माझ्या हाताने, ढकलून. सासूबाई साक्षीला होत्या. पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

८ डिसेंबर, सोमवार

बसने शाळेत. शाहपूरला पोचले तोवर प्रार्थना संपली होती. मुलं वर्गात धुडगूस घालत होती.

संध्याकाळी कळलं, गाडी विकायची! रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार. मला विचारलंसुद्धा नाही. योगेंद्रचं आपलं एकच, "आईच्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?" नणंदेचा, तृप्तीचा फोन – "वहिनी, दार नीट लागलं नसेल गं." सगळ्यांचं तेच! नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे रश्मी. झालं ते झालं." माझ्याकडे बघत नाहीत त्या. म्हणजे त्यांनाही वाटतं, चूक माझीच. रडूच आलं मला. किती हौसेने शिकले होते गाडी!

१० डिसेंबर, बुधवार

आज डोकं लढवलं. "गिऱ्हाईक येणार, तर धुऊन ठेवते" म्हणून किल्ली मागून घेतली. गाडी धुतली कुणी! मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि दाराच्या मागे लागले.

दार उघडून खालून उचलून पाहिलं – बिजागऱ्या ठीक, दार लोंबत नाही. कडेचं रबर जागेवर. दाराचं कुलूप ज्या लोखंडी कडीत अडकतं तिचे स्क्रूही घट्ट. मग व्हिडिओतल्यासारखं, दार उघडंच ठेवून कुलपाच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर दाबला, जणू दार लागतंय. बाकीच्या दारांचे दोन आवाज येतात – टक, टक. या दाराचा एकच! हँडल ओढून सोडवलं, पुन्हा दाबलं. एकच! म्हणजे दार लागल्यासारखं दिसतं, पण अर्धंच लागतं. मी कितीही ढकललं असतं तरी!

तिथेच अंगणात फतकल मारून बसले आणि हसले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चंदन मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्याने आतलं पॅनल उतरवलं, कुलूप काढून हातात दिलं. काळं, चिकट, गच्च भरलेलं. "भाभी, इसमें क्या गिराया?"

मी बघताक्षणी ओळखलं. तुकईथडची पोर आहे मी, आमचा केळीचा मळा! लहानपणीच्या एकूण एक फ्रॉकवर हाच डाग होता. केळीचा चीक! कार्तिकात तृप्तीकडे सत्यनारायण होता, तेव्हा पूजेला केळीचे खांब कुणी आणले? योगेंद्रनी! सकाळी कापले आणि लगेच मागच्या सीटवर आडवे घातले, कापलेली टोकं याच दाराला टेकवून. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा कापलेला खांब आधी भिंतीशी उभा करतं, चीक निथळू देतं. यांना घाई! आणि नंतर दार जड लागायला लागलं तेव्हा साहेबांनी काय केलं, तर माझ्या स्वयंपाकघरातलं गोडेतेल ओतलं त्यात. चीक, तेल, वर रस्त्याची धूळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

चंदनने पेट्रोलने धुतलं, मी जुन्या ब्रशने घासलं. ग्रीस लावलं, बसवलं. टक, टक! जीव भांड्यात पडला. जाता जाता त्याने दाराच्या कडेचा छोटा खटका खाली केला – चाइल्ड लॉक. "अम्मा बैठती हैं ना? अब अंदर से खुलेगा ही नहीं."

१३ डिसेंबर, शनिवार

योगेंद्रनी किल्ली ओट्यावर ठेवली. "गलती मेरी थी." रागावलेले नसताना हिंदी! गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. सकाळपासून घरात मांजरासारखे वावरताहेत. वावरू देत. फार बरं वाटतंय!

१८ डिसेंबर, गुरुवार

आज सासूबाईंना घेऊन तृप्तीकडे निघाले. गावाबाहेर आलो तर मागे खटखट, खटखट. आरशात पाहिलं – सासूबाई हँडल ओढताहेत, गाल फुगलेला, डोळे मोठे, तोंडाने नुसतं "उं! उं!" गाडी थांबवून धावले, बाहेरून दार उघडलं. तंबाखूची ही लांब पिचकारी! योगेंद्रच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती ना तंबाखू?

पदराने तोंड पुसलं. मग हळूच, "त्या दिशी बी म्याच उघडलं व्हतं वं. थुकाले. त्याले सांगू नको."

"अहो आई, काच खाली करायची!"

"मले कुठं येते ते?"

एवढे दिवस गाडीत बसताहेत, त्यांना काचेचं बटण कुणी दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं. तृप्तीचं घर येईपर्यंत काच खाली-वर, खाली-वर.