चांदभाईंच्या आवारातले यंत्र

चाकण,
डिसेंबर १९५६

प्रिय ज्योतीराम,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहून झाला आणि मग मी थांबले. तो खोडावा असे वाटले; परंतु खाडाखोड केलेला कागद मी आजवर कोणाच्या हाती दिलेला नाही, म्हणून राहू दिला आहे. माघात आपले लग्न व्हायचे आहे. त्यापूर्वी एक गोष्ट आपल्याला माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहीत आहे. समोर बसून मला हे बोलता आले नसते. चार माणसांत माझे तोंड उघडत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

परवा आप्पा म्हणाले, "मथे, चिंचवडला जायचंय. एक जुनं यंत्र बघायचं हाय, अन् त्याचं पुस्तक इंग्रजीत हाय. तुझ्या मॅट्रिकचा जरा उपयोग होऊ दे." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! केंद्रात पहिली आले तेव्हा गावभर पेढे वाटले गेले आणि त्यानंतर माझ्या शिक्षणाचे कोणी नावही काढले नव्हते. ट्रॅक्टरमागे जोडून गवत आणि झुडपे कापण्याचे ते यंत्र आहे, असे कळले. आपल्याकडे ट्रॅक्टर कुठे आहे, असे मी विचारलेही. "भाड्यानं आणू की," म्हणत आप्पा पागोटे बांधण्यात गुंतले. ट्रॅक्टर कोणाच्या घरी आहे, भोसरीला गवताची कुरणे कोणाची आहेत, याचा विचार माझ्या मनात यायला हवा होता. पण मी शब्दकोश शोधत होते.

चांदभाई लष्कराच्या लिलावातले सामान घेऊन विकतात; स्टेशनापलीकडे त्यांचे आवार आहे. हे यंत्र कुठल्याशा विमानतळावर गवत कापत होते म्हणे. लोखंडाची मोठी परात पालथी घालावी तसे ते दिसते. आप्पांनी ते बैल पाहावा तसे पाहिले: आधी भोवती एक फेरी, मग पाठीवर थाप, आणि मग, "उचला जरा, पाय बघू द्या." चांदभाई हसून म्हणाले, "अर्जुनराव, हे लाथ मारायचं नाही, बिनघोर बघा!" त्यांनी यंत्र एका बाजूने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवले. मी पुस्तक वाचून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. पाती घट्ट आवळलेली नसावीत, दगड लागताच ती मागे वळली पाहिजेत. आप्पांनी पाते ढकलून पाहिले, ते वळले. दातेचक्रांच्या पेटीत पाणी शिरले असेल तर तेल ताकासारखे दिसते. आप्पांनी काडी बुडवून तेल बोटांवर चोळले, तूप पारखावे तसा वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. आयुष्यात प्रथमच मी सांगत होते आणि मोठी माणसे ऐकत होती. त्या क्षणी मला आपली आठवण झाली. हे सारे आपल्याला कसे लिहून कळवावे, याची वाक्ये मी मनात जुळवू लागले होते.

आपण मला प्रथम बोलते केले ते किल्ल्याच्या तटाजवळ, आपल्या भगिनी सुमनताई बरोबर असताना. मी काय वाचते, असे आपल्याआधी मला कोणी विचारले नव्हते. लग्नाच्या बैठकीत आपल्या वडिलांनी सर्वांदेखत सांगितले, "आम्हाला मुलगी अन् नारळ, दुसरं काही नको." गावाने किती वाखाणले! नंतर आपण मला हळूच म्हणालात, "तुमच्या घरची मला सुईसुद्धा नको, मथुरा." ते वाक्य मी किती जपले, हे लिहायला आता लाज वाटते.

खालची बाजू पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावी म्हणून मी पदर खोचून वाकले, तेव्हा चांदभाई गडबडीने पुढे झाले. "अहो ताई, साडी कशाला मळवता? जावईबापू गेल्या रविवारीच पालथे पडून सगळं बघून गेले की! एकेक बोल्ट ठोकला. पाती नवी घाला म्हणाले, सासरे यायच्या आत. आणि म्हणाले, माझं नाव काढू नका. पण नवरीपासून काय लपवायचं? तुमच्याच घरी चाललंय हे!" मी आप्पांकडे पाहिले. ते तेलाची बोटे धोतराला पुसत राहिले. मी विचारले, चष्म्याच्या काडीला निळा दोरा बांधलेला होता का? "हां, तेच ते!" चांदभाई खूश होऊन म्हणाले. त्या रविवारी आपण पुण्यात परीक्षेचा अभ्यास करीत होतात, असे सुमनताईंनी मला सांगितले होते.

चांदभाईंनी ट्रॅक्टर सुरू करून कोपऱ्यातले कुसळी गवत कापून दाखवले. मी पाहत होते, पण दिसत काही नव्हते. इंजिन बंद झाल्यावर आप्पांनी खाली पाहतच विचारले, "काय म्हणतंय पुस्तक? घ्यायचं का?" मी म्हणाले, "यंत्र उत्तम आहे, आप्पा. आपल्याला नको." माझा आवाज आवाराच्या फाटकापर्यंत गेला असावा, कारण बाहेरचा टांगेवाला वळून पाहू लागला. "अगं, तारीख धरलीया," आप्पा म्हणाले. चांदभाई बिचारे कावरेबावरे झाले. "माझ्या तोंडून काही वावगं गेलं का, बेटी?" मी त्यांना म्हटले, "नाही चाचा, तुम्हीच तेवढे खरे बोललात." परतताना एस.टी.त आप्पा म्हणाले, "व्याह्यांनी मागून निरोप धाडला, हे यंत्र द्या म्हणून. तुला कळू नये म्हणून गप राहिलो, पोरी." त्यांच्यावर मला रागावता आले नाही.

जाब विचारण्यासाठी हे पत्र नाही. यंत्र हवे असेल तर आपण खुशाल घ्यावे. त्यात खोट नाही, हे मी स्वतः वाचून पडताळले आहे. सोमवारी आप्पा भोसरीला येतील आणि मुलीनेच लग्नाला नकार दिला, असे आपल्या वडिलांना सांगतील. बुके वाचून पोर शेफारली, असे लोक म्हणतील, तेही मी सोसेन. आप्पांना मात्र अपराध्यासारखे आपल्या ओसरीवर बसावे लागेल, आणि आपण तिथेच असाल. म्हणून आधी कळवत आहे. त्यांनी बोलायला सुरुवात केली की आपण मान खाली घालावी, उठून आत जावे, काय वाटेल ते करावे. पण आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असा चेहरा माझ्या वडिलांसमोर करू नये.

आपली होता होता राहिलेली,
मथुरा