पाणकणसं पेटवली ती सकाळ

बेंगळूरु,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोयराकाकू,

संहिताचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तू सध्या रघुपतीकाकांकडे आहेस आणि त्यांच्या मल्लेश्वरमच्या घराला जिने फार, म्हणून विचारते. इकडे थंडी स्वल्प सुरू झालीय. मी बरी आहे, जेवते, झोपते.

फोन तू उचलत नाहीस. परवा दारापर्यंत येऊन गेले. खिडकीत तू दिसलीस आणि पडदा ओढून घेतलास. म्हणून हे पत्र विराटच्या बायकोकडे, रक्षिताकडे देते आहे. सासूच्या हातात मी नक्की देईन, म्हणाली. शाळेत माझं सगळं कन्नड नि इंग्रजी. आई गेल्यावर मराठी अक्षरं तूच गिरवून घेतलीस. तेव्हा अक्षर खराब असलं तरी शेवटपर्यंत वाच.

हालसंद्र तळ्याचं काम सध्या बंद आहे. तिथं मी नक्की काय करत होते, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तळ्याचं जास्तीचं पाणी ज्या कालव्याने खाली जातं, तो गाळाने आणि माणसाएवढ्या उंच पाणकणसांनी भरला होता. तुमच्या गल्लीतल्या लोकांचं म्हणणं, सगळं उपटा, काँक्रीटच्या भिंती घाला, पाणी सरळ जाऊ दे. ते चूक नव्हतं. पण सरळ केलं की पाणी जोरात खालच्या वस्तीवर जातं, आणि तळ्यात काही उरत नाही. उन्हाळ्यात बोअरवेल कोरड्या. शिवाय त्या पाणकणसांत जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करतात. म्हणून मी आणि महांतेशने मधला मार्ग ठरवला होता, डावा काठ आधी मोकळा करायचा, उजवा पिल्लं उडाल्यावर. महांतेश पक्ष्यांवर काम करायचा. अथणीचा. तू त्याला एकदा पाहिलंयस, गौरीच्या जेवणाला आला होता, आणि वाढताना तू मला हळूच विचारलंस, हा कोण. मी म्हटलं, ऑफिसातला.

विराटला ते पटलं नव्हतं. त्याला का पटलं नव्हतं, तेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तुमच्या घरात छातीएवढं पाणी आलं, त्याने तुला खांद्यावर घेतलं आणि गच्चीवर ठेवून पुन्हा खाली गेला. शेजारचे मालोजी इन्व्हर्टरची वायर काढायला गेले आणि तिथेच चिकटले. त्यांना दाराच्या फळीवर घालून विराटनेच पाण्यातून बाहेर नेलं. त्यानंतर जरा आभाळ आलं की तो कालव्यावर जाऊन उभा राहायचा. मला म्हणायचा, “अक्का, तुझ्या कोंबड्यांना घर पाहिजे. आम्हाला नको का?” मी म्हणायचे, थोडे आठवडे थांब. तो कबूल व्हायचा, “सरी अक्का.” दसऱ्याच्या आधी सलग पाऊस झाला आणि विराट थांबला नाही.

काकू, ती सकाळ मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीतले पन्नास-साठ लोक जेसीबी घेऊन आले होते. उजव्या काठावर कुणीतरी डिझेल ओतलं होतं. ओली पाणकणसं पेटत नाहीत असं मला वाटायचं. वरची वाळलेली पाती धडाधड पेटली, आणि आतून जो आवाज आला तो अजून माझ्या कानातून जात नाही. मोठे पक्षी उडाले. पिल्लांना उडता येत नव्हतं. ती पाण्यात पडत होती, काठावर चढत होती, आणि पोरं दगड मारत होती. एकाने जळतं पिल्लू काठीवर उचलून फिरवलं. लोक हसले.

महांतेश जेसीबीच्या पुढे जाऊन उभा राहिला. हात जोडून कन्नडमध्ये बोलत होता, डावा काठ आजच तोडा, मी स्वतः मदत करतो, हा राहू द्या. विराट त्यावरून खाली उतरला. हातात जॅकचा दांडा. मी मधे गेले तर म्हणाला, “अक्का, बाजूला हो.” मला ढकललं, मी चिखलात पडले. महांतेशने त्याचा दंड धरला. मारायला नाही, अडवायला. विराटने दांडा त्याच्या डोक्यात घातला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. महांतेश गुडघ्यावर बसला, आणि विराटने दुसऱ्यांदा मारला. तो बसलेला असताना, काकू.

पोलीस अजून आलेच नव्हते.

माझ्या हाताशी फावडं होतं. ते मी उचललं आणि विराटच्या तोंडावर घातलं, पात्याच्या कडेने. तो पडला. तुझ्या विराटचा जबडा पोलिसाच्या लाठीने नाही मोडला, मी मोडला. तो खाली पडून दोन्ही हात वर करत होता, तोंडातून रक्त, दात, आणि तरी मी फावडं पुन्हा उचललं. मला त्याला मारून टाकायचं होतं. रागाच्या भरात झालं असं मी म्हणणार नाही; मला नीट कळत होतं की हा विराट आहे, आणि मला तो मेलेला हवा होता.

मागून कुणीतरी माझा हात धरला. चंद्राबाई. मालोजींची बायको. त्यांनीच तर आदल्या दिवशी गल्लीत फिरून लोक जमवले होते. फावड्याला दोन्ही हातांनी लटकल्या आणि ओरडल्या, “बेडा! नको! बस कर! ह्या पाण्यापायी माझा गेला, आता अजून किती जणं?” त्यांचा तळवा पात्याने चिरला, पण त्यांनी सोडलं नाही.

मग पोलीस आले, लाठ्या चालल्या, पळापळ झाली, आणि कुणी कुणाला मारलं ते त्या गोंधळात बुडून गेलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला आठवत नाही. विराटने म्हणे लिहून दिलं की लाठीने लागलं. त्याने मला वाचवलं, मी त्याला. एकमेकांशी एक शब्द न बोलता.

त्यानंतर पाऊस आलाच. तुमच्या गल्लीत थेंब शिरला नाही, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. खालच्या वस्तीत मात्र कमरेएवढं पाणी गेलं, आणि जेसीबीने काठाला पाडलेल्या भगदाडातून तळं निम्मं रिकामं झालं. आता सगळे एकत्र बसतायत. खालचा पूल रुंद करायचा, डावा काठ खोल, उजवीकडे पुन्हा पाणकणसं. चंद्राबाई हाताला पट्टी बांधून बैठकीला येतात आणि माझ्या शेजारी बसतात. महांतेश जे सांगत होता, जवळजवळ तेच ठरलंय.

महांतेश गुरुवारी गेला.

इतके दिवस मशीनवर होता. त्याची आई, कृष्णाबाई, अथणीहून येऊन इस्पितळाच्या बाकावरच राहिल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, “तू होतीस की तिथं. कुणी मारलं गं माझ्या लेकराला?” मी त्यांना म्हटलं, मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, “बरं, राहू दे बाळ. तुलाबी लागलं असंल.”

त्यांना आमच्या दोघांचं माहीत होतं. त्याने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. मी तुला नव्हतं सांगितलं. दिवाळीत सांगायचं ठरवलं होतं.

रक्षिता म्हणते, रघुपतीकाका त्या पोलिसाविरुद्ध तक्रार करणार आहेत, जबड्याबद्दल. त्यांना थांबव. त्या माणसाने विराटला हातसुद्धा लावलेला नाही. आणि तू जो निरोप पाठवलास, ‘पोरीला सांगा, गप्प राहा, घरातली गोष्ट घरात राहू दे,’ तो मला मिळाला. काकू, मी दीड महिना गप्प होते. आता नाही होणार.

सोमवारी मी ठाण्यात जाते आहे. विराटने काय केलं ते सांगेन, आणि फावड्याचंही सांगेन, पुन्हा उचललं होतं तेसुद्धा. त्याला आधी कळावं म्हणून आज लिहिते आहे. त्याला पळून जायला सांगू नकोस. जमलं तर त्याला घेऊन तूच ये. तो स्वतः बोलला तर बरं होईल. मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथे दे, मी ऐकेन.

त्याला अजून चावता येत नसेल. पेज पातळ कर, आणि उजवीकडून भरव. डावीकडे जखम खोल आहे.

तू वाढवलेल्या दोघांपैकी मोठी,
संहिता